शालीतला साबण

...आणि वर मलाच म्हणतात, "मोठे, जरा वास तर घेऊन बघ!" आता तुम्हीच सांगा, साबण ही काय हुंगत बसायची वस्तू आहे? अंगाला लावायचा, पाणी ओतायचं, संपला विषय! पण नाही... सासूबाई स्टुलावर बसल्यात, पाठ माझ्याकडे, बादलीतून वाफ येतेय, माझा हात त्यांच्या पाठीवर वरखाली चाललाय, आणि त्या ती पांढरी वडी नाकाशी धरून डोळे मिटून बसल्यात, जशी काही समाधीच लागलीय! "लोणी गं, नुसतं लोणी! धाकटीच्या हातात जादू आहे हो." म्हटलं, आई, जादू धाकटीच्या हातात असेल, पण चोळतोय कुणाचा हात?... म्हणजे मनात म्हटलं. मोठ्यानं नाही. आता तर मला बोलताच येत नाही, कारण मी देवाला शब्द देऊन बसलेय, की जन्मभर धाकट्या जावेबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. कसा दिला, का दिला, तेच सांगायला बसलेय. पण आधीच सांगून ठेवते, मधे मधे तुम्हाला वाटेल, ही बाई जावेबद्दल बोलतेय... तर तसं नाही. मी काही वाईट बोलत नाही हं. आहे ते सांगते.

माझं कसं आहे, मला लहानपणापासून देवाशी बोलायची सवय. बोलायची म्हणजे... देवाणघेवाणीची. तू हे कर, मी ते सोडते. ह्यांना बढती मिळावी म्हणून चहातली साखर सोडली; मिळाली. मुलगी गणितात पास व्हावी म्हणून उशी सोडली. झाली पास, माझी मान मात्र तेव्हापासून डावीकडे वळत नाही. नणंदेचं लग्न जमावं म्हणून तळलेलं सोडलं, मग जमलेलं टिकावं म्हणून बटाटा सोडला, मग ती माहेरी जरा कमी यावी म्हणून... जाऊ द्या, ते फळलं नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, आता देवाकडे काही मागू नकोस, सोडण्यासारखा घरात मीच तेवढा उरलोय!" चेष्टा करतात. करू देत. माझी श्रद्धा आहे, की मनापासून सोडलं तर मनापासून मिळतं.

तर आईंची अंघोळ. त्यांचे गुडघे बसले तेव्हापासून ती माझ्याकडे. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सासूला अंघोळ घालणं म्हणजे काय मिरवण्यासारखं काम आहे? अहो, तुम्हाला माहीत नाही! बाहेर आमच्या सासूबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. "पंखा कुणी चालू ठेवला? चमचा उलटा का ठेवला? भाजी अशी चिरतात?" पण एकदा का बाथरूमचं दार लागलं, पहिला तांब्या खांद्यावर पडला आणि पाठ माझ्याकडे झाली, की दुसऱ्याच आई! माणूस पाठ करून बसलं ना, की खरं बोलतं. नवी नवरी असताना चुलीपुढे डुलकी लागून सगळं दूध करपवलं आणि पातेलं कपड्यांच्या पेटीत लपवलं, ते मला सांगितलं. स्वतःच्या मधल्या भावाची आठवण काढून एकदा रडल्या, तेही तिथेच. मी मुकाट्यानं पाणी ओतत राहिले, म्हणजे अश्रू कुठले आणि पाणी कुठलं ते कळायला नको. आणि सांगू? आमच्या सासऱ्यांना, एवढे मिशीवाले, सगळी गल्ली ज्यांना टरकून असायची, त्यांना अंधाराची भीती वाटायची! हे त्यांच्या पोटच्या पोरांना माहीत नाही. मला माहीत आहे! ह्या घरात माझ्या मालकीचं म्हणावं असं काही असेल तर तेवढंच... बादली, वाफ, आणि आईंची पाठ.

त्या दिवशी तर त्या अगदी रंगात आल्या होत्या. म्हणाल्या, "एकदा काय झालं, घरातले दिवे गेले, आणि माळ्यावरच्या पेटीत खुडबुड सुरू झाली. ह्यांनी काठी घेतली. हात असा थरथरतोय! मला म्हणतात, तू पुढे हो, मी मागून येतो. मी दिवा धरला, ह्यांनी काठीच्या टोकानं पेटीचं झाकण उचललं, आणि आत काय असेल, सांग बघू?" मी हात थांबवला. म्हटलं, काय होतं आई?

आणि टक टक टक... दार वाजलं. धाकटी!

"आई, आत येऊ? तुमच्यासाठी एक गंमत आणलीय!"

तीच ती वडी. दुधाचा साबण. घरी केलेला! पांढराशुभ्र, कडा गोल, वर एका पानाचा ठसा, बदामी कागदात गुंडाळलेला, कागदाला सुतळीची गाठ, आणि गाठीत एक वाळलेलं फूल खोवलेलं. मला सांगा, साबणाला फूल कशाला? तो काय नवरदेव आहे? ही धाकटी वरच्या मजल्यावर राहते, मोबाइलवर बघून बघून हातातलं काहीही करते. ह्या महिन्यात मेणबत्त्या, त्या महिन्यात दोऱ्यांच्या टोपल्या... आणि होतं हो सगळं तिला! पहिल्या झटक्यात होतं! दिसायला छान, आवाज गोड, कधी कुणाला उलट बोलत नाही. असं माणूस घरात असलं की दुसऱ्यानं काय करायचं? मी काही वाईट बोलत नाही हं. आहे ते सांगते.

झालं! पेटी राहिली बाजूला. "आई, पेटीत काय होतं?" "अगं थांब, आधी हा फेस बघ." दुसऱ्या दिवशी, "आई, ते पेटीचं..." "कसली पेटी? हात बघ माझा, कसा मऊ लागतोय." रोज तेच! साबण, साबण, साबण! मी आपली मागे बसून चोळतेय आणि त्या समोरच्या वडीशी गप्पा मारतायत. खालच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना वास दिला. कोपऱ्यावरची शिंपीण आली, तिला नखाएवढा तुकडा तोडून दिला, प्रसाद द्यावा तसा! ती म्हणते, "नशीबवान आहात हो, अशी सून मिळाली." आणि मी तिथे उभी, हातात त्यांचा ओला टॉवेल. ती माझ्याकडे वळून म्हणते, "तुम्ही नाही का करत असलं काही?"

असलं काही!

त्याच संध्याकाळी देवापुढे बसले. म्हटलं, देवा, मला काही नको. मला फक्त एकदा, एकदाच, आईंच्या तोंडून माझ्या साबणाचं कौतुक ऐकू दे. म्हणजे त्यांचं मन परत माझ्याकडे वळेल, आणि ती पेटी तरी उघडेल! मग विचार करायला लागले, बदल्यात सोडू काय? खायचं तर सगळं सोडून झालेलं. गोड नाही, तळलेलं नाही, बटाटा नाही. चवीचं म्हणून माझ्याकडे आता एकच उरलेलं... दुपारी शेजारणींकडे बसून जावेबद्दल दोन शब्द बोलायचे. तेवढीच काय ती जिभेची चटक! डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, कौतुक ऐकलं तर तेही सोडीन. जन्मभर.

मग कृती हवी. कृती कुणाकडे? तिच्याकडेच! गिळला अभिमान, चढले जिना. "अगं, सहज आले होते... तो साबण कसा गं केलास?" आणि तुम्हाला सांगते, ती इतकी हरखली! "ताई, तुम्ही करणार? किती छान! बसा ना." आणि सगळं सांगितलं. भडाभडा. कॉस्टिक सोडा किती, तेल किती, वजनकाटा स्वतःचा दिला, रबरी हातमोजे दिले. "ताई, मुख्य म्हणजे दूध आधी बर्फ करून घ्यायचं. त्या बर्फावर कॉस्टिक थोडं थोडं घालायचं, घाई नाही करायची. आणि साच्यात ओतलं की झाकायचं बिकायचं नाही. उघडाच फ्रीजमध्ये ठेवायचा. दूध आहे ना, आपोआप तापतं ते."

मी ऐकत होते आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. दुधाचा बर्फ? झाकायचं नाही? फ्रीजमध्ये? अहो, मी ह्या घरात आल्यापासून दूध नासू दिलेलं नाही! दुधाला काय लागतं ते मला माहीत नाही? ऊब लागते, ऊब! दही लावताना आपण काय करतो? कोमट करायचं, विरजण घालायचं, वर ताटली, ताटलीवर फडकं, थंडी असेल तर चक्क पांघरूण! मागच्या हिवाळ्यात हिचं दही लागेना तेव्हा, "ताई, काय करू हो?" म्हणत कुणाकडे आली होती? माझ्याकडे! गुंडाळून ठेव असं सांगितलं कुणी? मी! आणि आता ही मला सांगतेय, थंड ठेवा, उघडं ठेवा! लगेच उमजलं. म्हटलं, अच्छा... वजनकाटा दिलास, मोजे दिलेस, आणि मेख मारलीस ती इथे! माझा साबण लागू नये म्हणून मुद्दाम उलटं सांगतेय. इतका गोड आवाज उगीच नसतो.

मी काही वाईट बोलत नाही हं. तेव्हा मला जे वाटलं, ते सांगते. आणि तेव्हा कौतुक ऐकलं नव्हतं, म्हणजे व्रत सुरूच झालं नव्हतं.

दुपारी आई झोपल्या. मी ओट्यावर सगळं मांडलं. कॉस्टिक डोळ्यांत उडतं म्हणाली होती, तिचा चष्मा मागायला परत जिना कोण चढणार? म्हणून ह्यांचं हेल्मेट घातलं. काच खाली ओढली, मोजे घातले, दूध गॅसवर ठेवलं. कोमट करायला! बोट बुडवलं की सोसेल असं, अगदी विरजणाच्या बेतानं. तेवढ्यात मागून आवाज, "कुठे निघालीस?"

आई! पाणी प्यायला उठलेल्या.

आता खोटं बोलायचं नाही हेही माझं एक व्रत आहे, ह्यांच्या पोटातला खडा पडावा म्हणून घेतलेलं. म्हटलं, "कुठे नाही आई, दूध तापवतेय."

"हेल्मेट घालून?"

"उतू जातं ना."

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाणी प्यायल्या, जाता जाता म्हणाल्या, "हळू चालव," आणि गेल्या झोपायला.

मग मी कॉस्टिक घातलं. दुधात. कोमट दुधात... तुम्हाला सांगते, दूध पिवळं झालं. मग केशरी झालं. मग विटकरी! आणि वास? अहो, गल्लीच्या टोकाला ती भिंत असते ना, जिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की इथे करू नये, आणि सगळे तिथेच करतात? तो वास! माझ्या स्वयंपाकघरात! मी हेल्मेटच्या आतून देवाचं नाव घेतेय, काचेवर वाफ धरलीय, काही दिसत नाहीये, खिडक्या उघडतेय, ढवळतेय, एका हातानं तेल ओततेय... पण आळलं हो! चांगलं दाट झालं, पिठल्यासारखं... छे, पिठल्याचं नाव नको, त्या दिवसापासून घशाखाली उतरत नाही. पावाच्या लांबट डब्यात ओतलं. आणि आता ऊब! माझ्या मनासारखं काम! शोधायला लागले, गुंडाळायचं कशात? चादर वाळत पडलेली, गोधडी धोब्याकडे... आणि खुर्चीवर आईंची शाल. लोकरीची. सासऱ्यांनी आणलेली, मऊसूत, लांबलचक. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे, त्या उठायच्या आत घडी घालून परत ठेवीन. उभी घडी घातली, डबा मधोमध ठेवला, चांगले वेढे दिले, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं. वर हात ठेवला. ऊब येत होती! मला किती बरं वाटलं! म्हटलं, लागतंय.

लागतंय कसलं! भाजी चिरायला बसले, तर ओट्यावरून आवाज, पुस्स्स... मग भक्क! वळून बघते तर शाल फुगलेली. श्वास घेतेय शाल! धावत गेले, उलगडायला लागले, तर आत डब्यातला साबण पावासारखा टरारून वर आलेला, मधून फुटलेला, आणि फुटीतून गरम गरम तपकिरी लगदा वाहतोय... सगळा शालीत! दूध आपोआप तापतं, म्हणाली होती. खरंच सांगितलं होतं हो तिनं. अगदी खरं खरं सांगितलं होतं! एखादीनं निदान एक गोष्ट तरी लपवावी की नाही? म्हणजे दुसरीला चिडायला जागा राहते. पण नाही, हिचं सगळंच चांगलं! मी काही वाईट बोलत नाही हं. आहे ते सांगते.

मोजे होतेच, घातली शाल बादलीत. धुतली. फेस आला. पाणी बदललं. फेस! चोळली. अजून फेस! बादलीतून जमिनीवर, जमिनीवरून मोरीत, मोरीतून खालच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगणात... त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "अहो, कपडे धुताय की घर?" त्यातही मनात एक वेडी आशा आली बघा, म्हटलं, एवढा फेस येतोय म्हणजे साबण तर झालाय! पण जितकी चोळावी तितकी शाल आखडत जाते. लोकर ती! गरम पाणी, साबण आणि माझे हात... मधला भाग आटून आटून पायपुसण्यासारखा जाड झाला, आणि साबण त्यात असा काही मुरून बसला की कुठे साबण संपतो आणि कुठे शाल सुरू होते, ते देवाला ठाऊक. दोन्ही टोकं मात्र तशीच मऊ, लांब, लोंबणारी. नेली गच्चीवर आणि टाकीमागे लपवली.

"मोठे, माझी शाल कुठंय?"

"धुवायला घेतलीय, आई."

आठवड्यानं, "शाल वाळली नाही का अजून?"

"त्यातला साबण निघत नाहीये, आई."

बघा! एक अक्षर खोटं नाही! पण आईंचा चेहरा... खुर्चीवर बसायच्या आणि शाल असायची त्या जागेवर नुसता हात फिरवायच्या. मी उठायचे, गच्चीवर जायचे, टाकीमागे वाकून बघायचे. शाल वाळत होती, साबण कडक होत होता, आणि ती भिंतीची दुर्गंधीही हळूहळू उडून गेली. धाकटी मधेच जिन्यात भेटली. "ताई, जमला का हो साबण?" म्हटलं, "मुरतोय." म्हणाली, "बरोबर! बरेच आठवडे मुरू द्यायचा. आणि अंगाला लावायच्या आधी जिभेचं टोक लावून बघायचं. झिणझिण्या आल्या तर अजून कच्चा."

आता आली का पंचाईत? माझा उपास! कौतुक होईपर्यंत एक वेळ जेवायचं असं वर धरलेलंच होतं. साबणाला जीभ लावली तर उपास मोडतो का? कुणाला विचारणार? म्हणून ह्यांना गच्चीवर नेलं. म्हटलं, अहो, जरा जीभ लावा.

"कशाला?"

"ह्या शालीला."

बिचारे! संसाराला इतकी वर्षं झाली की आता कारणं विचारत नाहीत. वाकले, लावली जीभ.

"झिणझिण्या आल्या?"

"नाही."

"मग काय लागतं?"

"शाल लागते. आणि आईची आहे ही! जाऊन सांगू का मी?"

"सांगा की! मीही सांगते, तुम्ही तिला चाटलीत म्हणून."

जिभेवरची लोकर काढत जिना उतरले.

आणि मग तो दिवस. मी शाल खाली आणली, म्हटलं, आता जे होईल ते होवो, गरम पाण्यात भिजत घालते, निघाला साबण तर निघाला. बाथरूममध्ये टब भरला, शाल बुडवली, आणि तेवढ्यात दारात आई! नेहमीच्या वेळेआधी! का, तर धाकटी नवी वडी घेऊन आलेली, ह्या वेळी वर जाळीची नक्षी, आणि आईंना दम निघाला नाही. धाकटीनं हात धरलेला, आई स्टुलावर टेकल्या, आणि त्यांची नजर टबात गेली.

नळ तेवढा ठिपकतोय.

"ही माझी शाल?"

"हो, आई."

"आणि हे मधे काय चिकटलंय?"

"साबण आहे. दुधाचा. मी... मी केलाय."

मी धाकटीकडे बघितलं नाही. हसली असती तर फार बरं झालं असतं, मला आयुष्यभर पुरलं असतं. पण ती हसली नाही हो! डोळ्यांत पाणी आणून, हळूच म्हणते कशी, "ताई, झाकला होतात का?"

आईंनी शाल पाण्यातून उचलली. नाकाशी नेली. मी डोळे मिटले. आणि त्या म्हणतात, "अगंबाई... करपलेलं दूध!" आणि हसायलाच लागल्या. "धाकटे, मी नवीन असताना असंच दूध करपवलं होतं, आणि पातेलं कुठे लपवलं, माहितीय?" सांगून टाकलं! पेटीतलं पातेलं! माझं पातेलं! जे फक्त मला माहीत होतं ते, माझ्याच साबणाच्या वासानं, माझ्यादेखत तिला सांगून टाकलं!

आणि सांगता सांगता शालीचं एक टोक खांद्यावरून मागे टाकलं, दुसरं कमरेकडून धरलं, तो जाड साबणाचा पट्टा पाठीवर आला, आणि ओढला. वर, खाली. वर, खाली.

"आ...हा...हा...हा!"

असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. "अगं, पोचला! बरोबर तिथे पोचला! इतकी वर्षं जिथे खाजतंय, अगदी तिथेच!"

म्हटलं, "आई, इतकी वर्षं मी तिथेच चोळत होते ना?"

"नाही गं. तू चोळायचीस थोडं डावीकडे."

थोडं डावीकडे! ऐकताय ना? इतक्या बादल्या, इतकी वाफ, माझं मनगट झिजलं... थोडं डावीकडे!

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तुला वाईट वाटलं असतं." असं म्हणून माझा ओला हात धरला, नीट धरला, आणि धाकटीसमोर, मोठ्यानं, स्पष्ट म्हणाल्या, "असा साबण मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मोठीनं कमाल केली!"

ऐकलं मी. देवानंही ऐकलं असणार, त्याचे कान अशा वेळी फार तिखट असतात. त्या क्षणापासून व्रत लागू! आणि मी म्हणते, लागू तर लागू, मला इतका आनंद झाला होता की मी तांब्या उचलला, बाही वर केली, म्हटलं, चला आई, आता घालते अंघोळ, आणि ती माळ्यावरची पेटी...

"अगं, आता तुझी गरज नाही गं! सुटलीस तू रोजच्या कटकटीतून. माझी मला पोचतेय की पाठ! जा, दोघी बाहेर व्हा, दार ओढून घ्या."

आतून कडी लागली.

तेव्हापासून, तुम्हाला सांगते, रोज सकाळी मी त्या दाराबाहेर उभी असते, हातात टॉवेल घेऊन. आत पाण्याचा आवाज, "आहाहा" चा आवाज, आणि... बोलायचा आवाज! अहो, बोलतात त्या! साबणाशी! माझ्याशी बोलायच्या तशा, अगदी त्याच सुरात, हळू हळू. परवा कान लावला तर म्हणत होत्या, "...आणि ह्यांनी काठीच्या टोकानं झाकण उचललं, हात असा थरथरतोय, आणि आत काय होतं म्हणशील तर..." मी कान आणखी चिकटवला. आणि धबाधब तांब्या ओतला अंगावर! पुढचं सगळं गेलं मोरीत. मग हसल्या. खूप वेळ हसल्या. साबणाला कळलं, मला नाही!

मी धीर सोडलेला नाही हं. म्हटलं, साबण आहे, झिजेल. कुठलाही साबण शेवटी झिजतोच. मी रोज त्यांची अंघोळ झाली की आत जाते आणि पट्टा चाचपून बघते, किती जाडी उरलीय. बराच पातळ झालाय. आता थोडेच दिवस, मग कडी निघेल, स्टूल माझ्याकडे वळेल, आणि मी आधी जरा उजवीकडे सरकून बसेन...

आणि काल संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. धाकटी! दोन्ही हातांत जुन्या शालींचा ढीग! "ताई, डॉक्टरीणबाईंनी एक दिलीय, शिंपिणीनं एक, आणि ह्या बाकीच्या सगळ्या मी आईंसाठी जमवल्यात. त्यांचा पट्टा आता संपत आला असेल ना? मी कितीदा करून बघितलं, पण तुमच्यासारखा फुटतच नाही हो! मला शिकवा ना. आपण दोघी मिळून वर्षाचा साठा करून ठेवू."

वर्षाचा!

काय बोलणार? बोलायची सोय आहे का मला? देवाला शब्द दिलाय. म्हटलं, "ये हो, शिकवते. दूध कोमट करून आण." स्वभावानं फार गुणी पोर आहे ती, अगदी लाखात एक, तिच्याबद्दल माझी काही म्हणजे काही तक्रार नाही.

पण व्रत जावेचं घेतलंय. साबणाचं नाही. मेला, करपट, केसाळ, घर फोडणारा साबण! आणि हे मात्र मी वाईटच बोलतेय.